लघवीत प्रोटीन आलंय, आता काय करू?

गेल्या महिन्यात या पानावर शुगर आणि किडनीबद्दल लिहिलं होतं आणि शेवटी सहज एक ओळ टाकली होती की वर्षातनं एकदा लघवीतलं प्रोटीन मोजून घ्या. त्या एका ओळीवर जेवढी पत्रं आली तेवढी बाकीच्या लेखावर आली नाहीत. कुणी रिपोर्टचा फोटो पाठवलाय, कुणी नुसतंच ‘मॅडम, दोन प्लस म्हणजे काय’ एवढंच विचारलंय. म्हणून या वेळचं सगळं पान त्यालाच देतेय. मी पॅथॉलॉजिस्ट, सांगलीत लॅब आहे, लघवीच्या बाटल्या हे माझं रोजचं काम, त्यामुळं तपासणीबद्दल जे माहिती आहे ते सगळं सांगते, औषध मात्र तुम्हाला समोर बसवून तपासणारे डॉक्टरच ठरवणार.

प्रश्न : मॅडम, माझं वय 44, द्राक्षबाग आहे. विम्यासाठी तपासण्या केल्या तर लघवीच्या रिपोर्टमध्ये प्रोटीनपुढं एक प्लस आलंय. शुगर नाही, बीपी 128/82, क्रिएटिनीन 0.9. आदल्या दिवशी छाटणी चालू होती, दिवसभर उन्हात होतो आणि दोन दिवस अंगात कणकण पण होती. गावात एकजण म्हणाला असंच सुरू होतं आणि मग माणूस डायलिसिसवर जातो. आठ दिवस झोप नाही. — एक वाचक, तासगाव तालुका

उत्तर : दादा, तुम्ही शेवटी लिहिलेल्या दोन गोष्टी, ऊन आणि कणकण, त्यातच बहुतेक उत्तर आहे.

लॅबमध्ये नक्की काय होतं ते आधी सांगते. एक प्लास्टिकची पातळ पट्टी असते, बोटाएवढी लांब, तिच्यावर छोटे छोटे रंगीत चौकोन, त्यातला प्रोटीनचा चौकोन पिवळा. पट्टी लघवीत बुडवायची, लगेच काढायची, बाटलीच्या काठाला टेकवून जास्तीचं निथळून घ्यायचं आणि मिनिटभरानं डबीवरच्या रंगांशी लावून बघायचं. पिवळाच राहिला तर निल, पोपटी झाला की ट्रेस किंवा एक प्लस, आणि हिरवा गडद होत निळसर व्हायला लागला की दोन, तीन, चार. एक प्लस म्हणजे 100 मिलिलीटर लघवीत साधारण 30 मिलिग्रॅम प्रोटीन, दोन म्हणजे 100, तीन म्हणजे 300 च्या आसपास.

पण गोम अशी आहे की पट्टी फक्त दाटपणा सांगते. गुळाचा तेवढाच खडा तांब्याभर पाण्यात टाकला आणि घागरभर पाण्यात टाकला तर गोडी वेगळी लागणार, गूळ तेवढाच. तुम्ही दिवसभर उन्हात घाम गाळला, पाणी कमी पडलं, लघवी पिवळीजर्द झाली, मग त्यात असलेलं थोडंसं प्रोटीनसुद्धा दाट दिसणार. आणि ताप, कणकण, अंगमेहनत, लघवीतलं इन्फेक्शन, बायकांची पाळी, या सगळ्यात प्रोटीन तात्पुरतं वाढलेलं दिसतं आणि कारण गेलं की आपोआप जातं. प्रत्येक माणसाच्या लघवीत थोडं प्रोटीन असतंच, दिवसाला 150 मिलिग्रॅमच्या आत असेल तर ते नॉर्मल. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला 180 लिटरच्या आसपास गाळतात आणि त्यातलं जेमतेम दीड-दोन लिटर लघवी म्हणून बाहेर येतं, एवढ्या गाळणीत थोडं निसटणारच.

मग खरं किती जातंय हे कसं कळणार? त्यासाठी तपासणी आहे एसीआर, म्हणजे लघवीतल्या अल्ब्युमिन आणि क्रिएटिनीनचं प्रमाण. अल्ब्युमिन हे रक्तातलं मुख्य प्रोटीन. क्रिएटिनीन हा स्नायूंचा टाकाऊ पदार्थ, किडनी तो रक्तातनं गाळून टाकते, म्हणून रक्तात तो वाढला की किडनीचं काम कमी झालं असं धरतात. तो रोज जवळपास ठरलेल्या मापात लघवीत येतो, मोठ्या माणसात ढोबळमानानं दिवसाला एक ग्रॅमच्या आसपास. लघवी दाट झाली की अल्ब्युमिनही दाट आणि क्रिएटिनीनही दाट, पातळ झाली की दोन्ही पातळ, म्हणून एकाला दुसऱ्यानं भागलं की पाण्याचा हिशोब निघून जातो. एका ग्रॅम क्रिएटिनीनमागं 30 मिलिग्रॅमपेक्षा कमी अल्ब्युमिन म्हणजे चांगलं, 30 ते 300 म्हणजे गाळणी थोडी सैल झालीय आणि 300 च्या वर म्हणजे बरीच. काही रिपोर्टवर एकक वेगळं असतं, तिथं 30 च्या जागी 3 आणि 300 च्या जागी 30 धरतात, म्हणून आकड्याशेजारी काय छापलंय ते वाचा. मागच्याच आठवड्यात एक काका आपला 4 आकडा बघून खूश होऊन निघाले होते, त्यांना जिन्यातनं परत बोलावलं.

तुम्ही एवढं करा. कणकण जाऊन पंधरा दिवस होऊ द्या, आदल्या दिवशी जड काम नको, आणि सकाळी उठल्यावरची पहिली लघवी, सुरुवातीची थोडी सोडून मधली धरून, लॅबमधनं आणलेल्या स्वच्छ डबीत आणून द्या. 30 च्या आत आलं तर विषय संपला. जास्त आलं तर लगेच आजार ठरवत नाहीत, तीन ते सहा महिन्यांत तीनदा बघतात आणि त्यात दोनदा जास्त असेल तर मग खरं मानतात. किडनीचा जुनाट आजार म्हणायला गडबड तीन महिन्यांहून जास्त टिकलेली असावी लागते. तुमचं क्रिएटिनीन नॉर्मल, बीपी ठीक, शुगर नाही, आणि एका पट्टीचा एक प्लस, एवढ्यावर डायलिसिसचं नाव काढणाऱ्या माणसाचं ऐकून आठ रात्री जागू नका हो.

प्रश्न : मला नऊ वर्षं शुगर आहे. दरवर्षी लघवी तपासते, प्रोटीन निल येतं. आता नवीन डॉक्टरांनी एसीआर सांगितली आणि ती आली 86. त्यांनी टेल्मिसार्टन सुरू केली. पण माझं बीपी तर नॉर्मल आहे, मग बीपीची गोळी कशाला, आणि निल असताना 86 कुठनं आलं? — एक वाचक, मिरज

उत्तर : ताई, तुमच्या नवीन डॉक्टरांनी जे केलं ते अगदी बरोबर केलंय आणि वेळेत केलंय. पट्टीला बारीक दिसत नाही. 100 मिलिलीटरमध्ये साधारण 15 ते 30 मिलिग्रॅम झाल्याशिवाय चौकोनाचा रंग हलत नाही, आणि तुम्ही सकाळी दोन तांबे पाणी पिऊन आला असाल तर त्याहूनही जास्त लपून जातं. शुगरवाल्यांच्या किडनीच्या त्रासाची सुरुवात नेमकी या न दिसणाऱ्या पट्ट्यात होते. काही रिपोर्टवर याला ‘मायक्रोअल्ब्युमिन’ लिहितात, त्यामुळं लोकांना वाटतं की हे कुठलंतरी बारीक जातीचं अल्ब्युमिन आहे, तसं काही नाही, अल्ब्युमिन तेच, फक्त मात्रा कमी. टाइप 2 शुगर ज्या दिवशी सापडते त्याच वर्षापासून दरवर्षी एसीआर करायची असते, टाइप 1 असेल तर पाच वर्षांनंतर. आणि ‘रुटीन युरीन’ लिहिलं की त्यात एसीआर येत नाही, ती वेगळी मागावी लागते, हे मी काउंटरवर दिवसातनं दहा वेळा सांगते.

आता गोळीचं. ती बीपीसाठी बनली हे खरं, पण तिचं दुसरं काम गाळणीच्या आतला दाब कमी करायचं आहे. किडनीत प्रत्येक बारीक गाळणीला रक्त आणणारी एक नळी आणि नेणारी एक नळी असते. ही गोळी नेणारी नळी थोडी सैल करते, आतला दाब उतरतो आणि अल्ब्युमिन निसटायचं कमी होतं. रॅमिप्रिल, लोसार्टन याच घराण्यातली. म्हणून दंडावर 120 दिसलं म्हणून ही बंद करायची नसते. बीपी फारच उतरून चक्कर येत असेल तर डॉक्टरांना सांगा, ते डोस बदलतील. सुरू केल्यावर दोन आठवड्यांच्या आसपास एकदा क्रिएटिनीन आणि पोटॅशियम बघायचं असतं, तेवढं मात्र चुकवू नका. तुमच्या घरातलं कुणी गरोदर राहण्याच्या वयाचं ‘माझंही डोकं दुखतंय’ म्हणून हीच गोळी घेत असेल तर तसं अजिबात करू देऊ नका, गरोदरपणात ही चालत नाही.

86 हा आकडा घाबरायचा नाही, पण सोडून द्यायचाही नाही. शुगर आणि बीपी धरून ठेवलं, औषध घेतलं, तर याच टप्प्यावरनं 30 च्या आत परत आलेले कितीतरी रिपोर्ट मी स्वतः सही करून दिलेत.

प्रश्न : सासूबाईंना 24 तासांची लघवी गोळा करायला सांगितलीय, कॅन आणलाय, पण कधीपासून धरायची ते कळेना, आणि त्यांना फार लाज वाटते. — एक वाचक, पलूस

उत्तर : वहिनी, समजा रविवारी सकाळी सातला सुरू करायचंय. सातला उठल्यावरची लघवी संडासात जाऊ द्यायची, ती धरायची नाही, आणि घड्याळ सुरू. त्यानंतर दिवसभराची, रात्रीची, संडासला जाताना होणारी सुद्धा, सगळी कॅनमध्ये, आणि सोमवारी सकाळी सातची पहिली लघवी ही शेवटची, ती धरायची. गडबड इथंच होते, लोक दोन्ही सकाळच्या धरतात, मग आकडा उगाच फुगतो. मधली एक जरी सांडली तर लपवू नका, सांगा, आपण परत करू. प्लास्टिकचा मग घेऊन त्यात धरून कॅनमध्ये ओतायची, कॅन थंड जागी सावलीला, आणि आणताना काळ्या पिशवीत घालून कापडी पिशवीत ठेवा, एसटीत शेजारच्याला कळतसुद्धा नाही. आणि अगदीच जमत नसेल तर डॉक्टरांना विचारा की सकाळच्या एका नमुन्यावर प्रमाण काढलं तर चालेल का, बहुतेक वेळा आता तेवढ्यावर भागतं. म्हाताऱ्या माणसाला चोवीस तास कॅन सांभाळायला लावणं मला स्वतःला नको वाटतं.

प्रश्न : आमचा मुलगा पाच वर्षांचा. दिवाळीनंतर सकाळी उठल्यावर डोळे सुजायला लागले, आम्हाला वाटलं डास चावला. मग पाय, पोट. नेफ्रोटिक सिंड्रोम, म्हणजे लघवीतनं खूप प्रोटीन जाऊन सूज येते तो आजार, सांगितला, स्टिरॉइड चालू आहेत, सूज गेलीय. आता रोज घरी पट्टीनं लघवी तपासा म्हणाले. ते आम्हाला जमेल का? आणि आजी म्हणतात डाळ, अंडी, दूध सगळं बंद करा, प्रोटीन त्यातनंच येतंय. — आई, कोरेगाव

उत्तर : जमेल, नक्की जमेल. माझ्याकडं येणाऱ्या एका आईचं शिक्षण चौथी आहे आणि तिची वही कुठल्याही लॅबच्या रजिस्टरपेक्षा नीट आहे. तारीख, पट्टी, औषध किती, वजन आणि शेवटच्या रकान्यात ‘सर्दी’, ‘ताप’ असं काय असेल ते. डॉक्टर ती वही उघडतात आणि दोन मिनिटांत त्यांना सगळं कळतं.

करायचं असं. सकाळची पहिली लघवी, वाटीत. वाटी त्यासाठीच वेगळी ठेवा. पट्टी बुडवून काढा, डबीवर जेवढा वेळ लिहिलाय तेवढाच थांबा, बहुतेक 60 सेकंद, आणि खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात रंग बघा, पिवळ्या बल्बखाली पिवळा आणि पोपटी यातला फरक फसवतो. पाच मिनिटांनी बघितलेला रंग धरायचा नाही. डबीचं झाकण लगेच घट्ट लावा, आतली ती ओल शोषणारी पुडी फेकू नका, डबी फ्रिजमध्ये किंवा न्हाणीत ठेवू नका, आणि पट्टीच्या चौकोनाला बोट लावू नका. पावसाळ्यात झाकण उघडं राहिलं तर अख्खी डबी वाया जाते आणि ती स्वस्त नसते.

सलग तीन सकाळी निल किंवा ट्रेस आलं की आजार शांत झाला असं धरतात. सलग तीन सकाळी तीन प्लस किंवा जास्त आलं की आजार उलटला, मग सूज यायची वाट न बघता फोन करायचा. घरच्या पट्टीचा खरा फायदा हाच, डोळे सुजायच्या आधी कळतं. सर्दी-तापात एखाद-दुसरा दिवस प्लस दिसेल, लिहून ठेवा आणि बघत राहा. पट्टी नव्हती तेव्हा हेच काम परीक्षानळीत लघवी तापवून करायचे, तापवली की प्रोटीन अंड्याच्या पांढऱ्यासारखं गोठतं. लंडनच्या गायज हॉस्पिटलमध्ये रिचर्ड ब्राइट नावाचे डॉक्टर 1827 च्या सुमारास मेणबत्तीवर चमचा धरून त्यात लघवी तापवून बघायचे आणि सूज, किडनी आणि लघवीतलं हे गोठणारं प्रोटीन यांचा संबंध त्यांनीच लावून दिला. म्हणजे तुम्ही घरी करणार ते काम दोनशे वर्षांचं जुनं आहे.

आजींना प्रेमानं सांगा की लघवीत जातंय ते ताटातलं प्रोटीन नाही, रक्तातलं अल्ब्युमिन आहे, गाळणी सैल झाल्यामुळं निसटतंय. वाढत्या पोराची डाळ, दूध, अंडं बंद करायचं नाही, वयाला लागतं तेवढं द्यायचं. कमी करायचं ते मीठ, सूज असताना लोणचं, पापड, फरसाण, वेफर्स बंद. स्टिरॉइड स्वतःहून एक दिवसही बंद करू नका, शेजारणीनं ‘गाल सुजलेत’ म्हणलं तरी. आणि पोराला सूज असताना ताप येऊन पोट दुखायला लागलं तर रात्रीचे दोन असले तरी दवाखाना गाठा, पोटात इन्फेक्शन होऊ शकतं. या वयातल्या बहुतेक मुलांना स्टिरॉइड लागू पडतं. अधूनमधून उलटतं, पण वाढत्या वयाबरोबर पुष्कळांचं कमी होत जातं.

प्रश्न : सातवा महिना चालू आहे, लघवीत दोन प्लस आलंय. पुढची तारीख पंधरा दिवसांनी आहे. तोवर थांबू का? — एक वाचक, विटा

उत्तर : नाही, थांबू नका. हे वाचताय तेव्हा अजून दाखवलं नसेल तर आजच जाऊन बीपी मोजून घ्या. वीस आठवड्यांनंतर बीपी 140/90 किंवा जास्त आणि सोबत लघवीत प्रोटीन, हे आई आणि बाळ दोघांनाही धोक्याचं असतं. डोकं ठणकणं, डोळ्यांपुढं अंधारी किंवा चमकल्यासारखं होणं, वरच्या पोटात दुखणं, चेहरा-हात एकाएकी सुजणं, यातलं काहीही असेल तर ओपीडीची वाट न बघता सरळ भरती व्हायच्या तयारीनं जा. अंगावरनं पांढरं गेल्यामुळंही खोटं प्लस येऊ शकतं, पण ते डॉक्टरांना ठरवू दे.

प्रश्न : वडील 55, चाळीस वर्षं ऊसतोड आणि बांधावरची कामं. पाठ दुखते म्हणून रोज एक-दोन पेनकिलर, मेडिकलमधनं आणून. परवा तपासलं, प्रोटीन निल, पण क्रिएटिनीन 1.8. लघवी चांगली आहे म्हणजे किडनी चांगलीच ना? — एक वाचक, फलटण तालुका

उत्तर : नाही हो, इथं मला स्पष्ट बोलावं लागेल. प्रोटीन निल हे किडनीचं सर्टिफिकेट नाही. किडनीत गाळणी असते आणि तिच्यापुढं लांबलचक नळ्या असतात. गाळणी बिघडली की प्रोटीन येतं. नळ्या आणि त्यांच्या आजूबाजूचा भाग खराब झाला, पेनकिलरनं होतो तसा, तर लघवीत प्रोटीन फारसं येतच नाही आणि किडनी मात्र हळूहळू जात राहते. 55 वर्षांच्या पुरुषाचं 1.8 क्रिएटिनीन म्हणजे इजीएफआर, किडनी किती गाळते त्याचा अंदाज सांगणारा आकडा, साधारण 44 निघतो, जिथं तरुण निरोगी माणसाचा 90 च्या वर असतो. म्हणजे आज जर हा आकडा खरा असेल तर निम्म्याच्या आसपास काम चाललंय, आणि तुमच्या वडिलांना कसलाही त्रास नाही. असंच असतं, किडनी शेवटपर्यंत बोलत नाही.

अल साल्वाडोर, निकाराग्वा या देशांत ऊस तोडणाऱ्या तरुण मजुरांमध्ये आणि आपल्या आंध्रातल्या उद्दानम भागात असा एक किडनीचा आजार सापडलाय, ज्यात शुगर नाही, बीपी फार नाही, प्रोटीन अगदी थोडं किंवा नाहीच, आणि क्रिएटिनीन वाढत जातं. कडक उन्हात पाण्याविना राबणं हे तिथं संशयाचं एक मोठं कारण मानतात. वडिलांना तोच आजार आहे असं मी म्हणत नाहीये, पण फडात राबणाऱ्या माणसाची फक्त लघवी बघून थांबू नये, क्रिएटिनीनही बघावं, हे त्यावरनं शिकायचं.

अजून एक. पट्टीला मुख्यतः अल्ब्युमिनच दिसतं. पन्नाशीनंतर पाठ सारखी दुखतेय, क्रिएटिनीन वाढलंय, आणि हिमोग्लोबिनही कमी असेल, तर डॉक्टर कधीकधी वेगळ्या जातीचं प्रोटीन शोधायला सांगतात, हाडांच्या आतल्या मज्जेच्या एका आजारात ते येतं आणि पट्टी त्याला पूर्ण आंधळी असते. सांगितलं तर टाळाटाळ करू नका, न सांगितलं तर ‘एकूण प्रोटीन आणि क्रिएटिनीनचं प्रमाण काढायचं का’ एवढं तरी विचारा.

आजपासून पेनकिलर बंद, मेडिकलवाल्यानं ‘हलकी आहे’ म्हणून दिली तरी. सोनोग्राफी करून घ्या, क्रिएटिनीन आणि पोटॅशियम आठ-पंधरा दिवसांत परत करा, आणि जुना एखादा रिपोर्ट घरात सापडतोय का बघा, ऑपरेशनच्या वेळचा, अपघाताच्या वेळचा, कुठलाही. दोन वर्षांपूर्वी 1.7 होता की 0.9, यावर डॉक्टरांची सगळी घाई ठरते.

प्रश्न : मी तालमीत असतो, वय 20. रोज सकाळी जोर-बैठका, मग लढत, आणि खुराक दूध-बदाम, अंडी. कॉलेजच्या तपासणीत एक प्लस आणि क्रिएटिनीन 1.3. खुराकानं किडनी गेली का? वस्ताद म्हणतात काही होत नाही, आई रडतेय. — एक वाचक, सांगली

उत्तर : बाळा, आईला आधी हे वाचून दाखव. जोरदार मेहनतीनंतर लघवीत प्रोटीन येणं अगदी नेहमीचं आहे, एक-दोन दिवसांत जातं. तुझ्या वयात काहीजणांना दिवसभर उभं-चालतं असताना प्रोटीन येतं आणि रात्रभर आडवं झाल्यावर सकाळच्या लघवीत नसतं, तेही निरुपद्रवी. आणि क्रिएटिनीन स्नायूंतनं येतं, पहिलवानाचं थोडं जास्तच असणार, शंका राहिली तर सिस्टॅटिन सी म्हणून दुसरी रक्ततपासणी आहे जी अंगावरच्या मांसावर एवढी अवलंबून नसते. दूध-बदामानं, अंड्यानं निरोगी किडनी जात नाही. डब्यातली पावडर, कुणी सुई दिली असेल, ‘वजन उतरवायची’ गोळी दिली असेल, तर ते मात्र खरं खरं डॉक्टरांना सांग, मी वस्तादांना कळवणार नाही.

शुक्रवार-शनिवार मेहनत बंद ठेव. शनिवारी रात्री झोपायच्या आधी लघवी करून झोप, रविवारी उठल्या उठल्या, दात घासायच्याही आधी, पहिली लघवी डबीत धर आणि दोन तासांच्या आत लॅबमध्ये दे, एसीआर म्हणून सांग. सोबत बीपी मोजून घे. रिपोर्ट आला की फोटो पाठव, एककासकट.